गुरुवार, चार दहा

खोली दोनशे चौदा. भिंतीतला वाफेचा नळ
काळी पाचच्या जरासा खाली गुणगुणतो दिवसभर.
हाल्या डुचाक त्याला भाडेकरू म्हणतात.
बावीस वर्षं झाली, दोघांचं जमलेलं नाही.

बाहेर सास्काटून, उणे एकतीस.
नदीवर वाफ. आवारातल्या गाड्या
नाकात विजेच्या वायरी खुपसून उभ्या,
सलाईन लावलेल्या म्हशींसारख्या.

टॅमसिन रेमरची वेळ चार दहाची.
आठवड्याला एक तास, एकटीला,
पावतीवर लिहिलेलं: ओबो, दोन श्रेयांक.
तीन गुरुवार आली नव्हती. आज आली.
टोपीवर बर्फ, काखेत पेटी,
आणि पेटी उघडत नाही.

"सराव झाला नाही."

हे वाक्य या खोलीनं पुष्कळ ऐकलंय,
सर्दीच्या, परीक्षेच्या, मोडलेल्या प्रेमाच्या आवाजात.
पण ऐकवणारे खाली बघतात.
ही बघत नव्हती.

बाईंना ठाऊक होतं. पीटर रेमर,
शाळेची बस चालवायचा.
त्यानंच तो ओबो शाळेच्या तळघरातून आणला होता,
जुन्या सतरंजीत गुंडाळून, सही करून.
घरात आईची अर्धशिशी,
म्हणून पोरगी अंगणातल्या रिकाम्या बसमध्ये वाजवायची,
मागून तिसऱ्या बाकावर,
आणि हा पुढे स्टिअरिंगपाशी बसून राहायचा
हीटरसाठी इंजिन चालू ठेवून.
आरशात बघायचा नाही.

सांत्वन बाईंना इंग्रजीत नीट येत नाही,
युक्रेनियनमध्ये तर त्याहून नाही.
त्यांनी टेबलावरचे कागद सरकवले.
पाण्याची डबी. चाकू. मेण. लाल दोरा.
फ्रान्सच्या कुठल्याशा पाणथळीतला बोरू.
"बांध," म्हणाल्या.

बांधलं. सुटलं. पुन्हा बांधलं.
मग तासणं. टोकाकडे कागदाहून पातळ,
मधे थोडं मांस राहू द्यायचं.
"जास्त गेलं तर परत चिकटवता येत नाही,"
बाई म्हणाल्या, आणि मग
उगीच म्हणालो असं वाटून चष्मा पुसत बसल्या.

ओबोवर चढवण्याआधी ही पत्ती
नुसती ओठांत धरून फुंकायची असते.
जमली असेल तर ओरडते,
पांढरी एक, वरची आणि खालची, दोन्ही एकदम.
त्या ओरडण्याला वाजवणारे कावळा म्हणतात.

फुंकलं. नुसती हवा.
तासलं. फुंकलं. वरचा आला, खालचा नाही.
बाईंनी करंगळीनं दाखवलं: इथे, डावीकडे, केसभर.
पावणेपाच. कावळा गप्प.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी
पिंड मांडून माणसं अशीच ताटकळतात.
उन्हं चढतात. कुणीतरी घसा खाकरून पुढे होतं,
म्हणतं, धाकटीचं शिक्षण आम्ही बघू,
म्हणतं, तुमची गाय विकणार नाही.
त्या दोघींना यातलं काही माहीत नव्हतं.
त्या चाकू पुसत होत्या.

"बस अजून अंगणातच आहे," टॅमसिन म्हणाली,
कुणी विचारलं नसताना.
"रविवारी मी सुरू करते. दहा मिनिटं.
हीटर लावून बसते."
आणि हातातली पत्ती एकदा, सवयीनं,
दिव्यासमोर धरून, ओठांत घेतली.

ओरडला.
दोन्हीकडून, कर्कश, भरघोस,
शेजारच्या खोलीतला ट्रम्पेट थांबला इतका.

बोरूचे चार तंतू कमी झाले होते, म्हणून असेल.

पेटी त्या दिवशी उघडलीच नाही.
तासाच्या नोंदीत, काय शिकवलं या रकान्यात,
बाईंनी दर आठवड्याचंच लिहिलं: लांब सूर.
बोरूचा भुसा तळहातानं कडेला लोटला, थोडा
बाहीवर राहिला.
दाराबाहेर पुढचा मुलगा
ओल्या बुटांनी पाय बदलत उभा होता,
आणि भाडेकरू होता तिथेच,
काळी पाचच्या जरासा खाली.